साखर उतरत नाही

“ह्याला भात म्हणायचं व्हय?” शशिधरनं फुलकोबी किसून केलेल्या भाताचा घास घेतला आणि मान डोलावली. “पण झकास झालंय.”

ताटात मेथी-पनीर होतं, भरलेली ढबू मिरची होती, दह्यातली काकडी होती आणि बदामाच्या पिठाच्या दोन भाकऱ्या. सौंदर्या हसली नाही. नवऱ्याला आज काय घालायचं ते मिटलं होतं, तिला उद्याचा घोर होता.

लिंगायताचं घर. मटण नाही, अंडं नाही. त्यात भात, गहू, ज्वारी, बटाटा, साबुदाणा, गूळ सगळंच बंद. मग उरलं काय, कपाळ? पण सौंदर्यानं गेल्या चार महिन्यांत हात टेकले नव्हते. पडवळात पनीर भरलं, दुधीच्या चकत्या कूट लावून खरपूस भाजल्या, कोबीची थालीपिठं थापली. मोबाईलवर बघून बघून डोळे चुरचुरायचे. एखाद्या सकाळी ओट्यापाशी नुसती उभी राहायची, हात उचलायचे नाहीत, रडू यायचं. मग तोंडावर पाणी मारून पुन्हा विळी घ्यायची. तेच ते सारखं ताटात आलं की माणूस उठून बाहेर वडा हाणतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बदामाच्या पिठाची भाकरी तिच्या जावेनं एकदा करून बघितली, तर तव्यावर जाईस्तोवर तिचे तुकडे झाले. सौंदर्याची मात्र टुम्म फुगायची. सगळे तिच्या हाताचं कौतुक करायचे.

हा सगळा खटाटोप प्रभुलिंग अण्णांसाठी होता. शशिधरचे थोरले भाऊ. दोन्ही किडन्या गेलेल्या, एक दिवसाआड डायलिसिस. घरात किडनी जुळली ती एकट्या शशिधरची, पण त्याची साखर काठावर आणि पोट सुटलेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. “आधी साखर उतरवा, वजन उतरवा. असल्या अंगातून मी किडनी काढणार नाही.”

निघताना सौंदर्यानं विचारलं होतं, “एका किडनीवर माणूस नीट जगतो का हो?”

“जगतो की. बहुतेक जण ठणठणीत असतात,” डॉक्टर म्हणाले.

तिनं मान हलवली आणि घरी येतानाच बदामाचं पीठ घेतलं.

वजन थोडं उतरलं. साखर काही केल्या हटेना. आज दुपारी पुन्हा तपासणीचा आकडा आला, आणि तो आधीपेक्षा वर होता.

शशिधरचा हात अजून ताटातच होता, तोवर दारात जाऊबाई विद्याश्री, अण्णांची बायको, उभी. दवाखान्यातून तशीच आली होती.

“भावजी, खरं सांगा. गूळ खाताय न्हवं?”

“न्हाय, वैनी.”

“गुळाच्या अडतीवर बसून न्हाय? कुणाला सांगताय!”

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. दोघा भावांची मार्केट यार्डात गुळाची अडत. नवा माल आला की ढेप फोडायची, खडा जिभेवर ठेवायचा आणि भाव बोलायचा. शशिधरच्या जिभेला अख्खं यार्ड मानायचं.

“चाखायचं सोडलंय मी,” तो म्हणाला. “बोटानं चुरडून बघतो, वास घेतो. हमालांना विचारा. भाव चुकला म्हणून हसत्यात मला सगळी.”

“मग साखर आभाळातनं पडती व्हय?” विद्याश्रीचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. “तिकडं त्यांच्या पायाला ही सूज आलीया. काल म्हणाले, शशीला आता तरास दिऊ नका, जाऊ द्या मला. असं कसं जाऊ देऊ हो?”

शशिधरनं ताट सरकवलं. हात धुतला आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घेतलं. ह्या घरात लिंगावर हात ठेवून कुणी खोटं बोललेलं नव्हतं. तशी कुणाची छातीच नव्हती.

“ह्याची आण, वैनी. घराबाहेरचा घास तोंडात घातलेला न्हाय. चहा बी बिनसाखरेचा. मला माझा अण्णा पायजे.” आणि एवढा दांडगा गडी हमसून रडायला लागला.

विद्याश्री मटकन खाली बसली. “चुकलं माझं, भावजी. डोकं ठिकाणावर न्हाय.” थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. “सौंदर्या, तू करतीस तेवढं सख्खी भन करणार न्हाय. पर एक सांग. भावजी झोपंत उठून डबं हुडकत न्हाईत न्हवं? चोरून घरातलं काय खात न्हाईत न्हवं? तू बी एकदा लिंगावर हात ठेव, म्हंजे माझ्या मनातली पाल चुकचुकायची थांबंल. मग डॉक्टरलाच धरते. तपासणीच चुकतीया म्हणते.”

सौंदर्यानं पदराला हात पुसले. “आण कशाला, अक्का? नुसतं सांगते की.”

“माझ्यासाठी घे.”

“घे की,” शशिधर म्हणाला. “वैनींच्या जिवाला बरं वाटंल.”

तिनं लिंग बाहेर काढलं आणि मुठीत धरलं.

“हे चोरून काय खात न्हाईत,” ती म्हणाली.

विद्याश्रीनं डोळे मिटून सुस्कारा सोडला. शशिधर उठायला लागला. सौंदर्याची मूठ मात्र सुटेना.

“बदामाच्या पिठात तांदळाचं पीठ मीच मिसळते, अक्का. पैल्या दिवसापासनं. मला हे अख्खे पायजेत.”