पंखाचं टोक

मेहुण्याने परदेशातून जुनं ग्लायडर मागवलं, तेही ट्रेलरसकट. त्याला उडायला शिकवणारे दाजी मात्र क्लबच्या ठिगळं लावलेल्या ग्लायडरवरच दिवस काढत होते. बंदरातून सोडवून आणलेला ट्रेलर मैदानावर उघडला, पांढरेशुभ्र पंख निघाले आणि दाजींच्या पोटात दुखायला लागलं. "जुनंच आहे हो," मेहुणा म्हणाला. जुनं म्हणे. दाजींनी पंखाचं टोक धरलं. मेहुणा ग्लायडरच्या धडापाशी पंख जोडायची पिन घालू लागला. पिन काही जाईना. "वापरलेला माल, असंच व्हायचं," दाजी म्हणाले. मेहुणा घामाघूम झाला. दाजींची बायको नवऱ्याच्या हातांकडे बघत राहिली. अखेर पिन तिच्याकडे देऊन मेहुणा टोकाशी आला. दाजींच्या हातांखाली हात घालून त्याने पंख बोटभर उचलला. पिन खटकन बसली. "टोक खाली राहिलं की पिन जात नाही," तो म्हणाला. "हे तुम्हीच शिकवलंत, दाजी."