सवड

हट्टा गावच्या पंचफुलाबाईचा मुलगा विजय सात वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला. ‘सवड मिळाली की येतो’ म्हणायचा. तो घरी येईस्तोवर गोड तोंडात घालायचं नाही, असा नेम तिनं मारुतीपुढं धरला होता.

आज त्याचा फोन आला. "आई, हौसेपुरतं लहानसं विमान घेऊन राहिलो."

"जत्रंतल्या पाळण्यात रडायचास की रे! अन् भाड्यानं भेटत न्हाई का?"

"भेटतं, स्वस्तबी पडतं. पण मला स्वतःचंच पाहिजे. फक्त, नुसतं उभं राहिलं की खराब होतं, दर आठवड्याला जाऊन बघावं लागतं."

"लांब हाय का?"

"गाडीनं तीन तास. काढीन की सवड!"

"बराबर हाय," ती म्हणाली.



फोन ठेवून तिनं चहा मांडला आणि सात वर्षांनी त्यात साखर टाकली.