साधं पाणी

डब्यात धातूच्या पट्ट्या बसवल्या की दाट द्रव किती लवकर निवतो, हे मोजण्यात तिची प्रयोगशाळेतली सात वर्षं गेली होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना पातळ काही गिळता येईना. पाणीसुद्धा पावडर घालून दाट करावं लागे. दाट सूप आतून लवकर निवत नाही, म्हणून ती वाटीत चार चमचे उभे करून ठेवायची.

"एवढं शिकून शेवटी चमचेच?" बाबा अडखळत हसायचे. मग हळूच मागायचे, "घोटभर साधं पाणी दे गं."

"ठसका लागेल, बाबा. डॉक्टर नको म्हणतात."

आज डॉक्टर तपासून खोलीबाहेर आले आणि खालच्या आवाजात तिला म्हणाले, "आता मागतील ते द्या."

तिने साध्या पाण्याचा पेला बाबांच्या ओठांना लावला.

"म्हणजे सुधारतोय मी," बाबा खुलून म्हणाले.

"हो, बाबा."