जिलेबीचा आग्रह

पंगत बसताच वधूपिता भाऊसाहेब पाहुण्यांना आग्रहाची जिलेबी भरवायला निघाले. वाढपीण हौसाबाईंनी त्यांच्या हातातलं ताट अडवून धरलं. घामातून पोटातला जंतू ओळखून निळा पडणारा रंग दारातच सगळ्यांच्या नखांना लावला होता. भाऊसाहेबांची नखं निळी पडली होती.

"हात धुतलेत मी!"

"निळं धुऊन जात नाही. प्रशिक्षणात हेच घोकून घेतलंय आमच्याकडनं."

"प्रशिक्षण तुम्हा वाढप्यांना! मी यजमान आहे. सरक, नाहीतर गावात कुणी कार्याला बोलावणार नाही तुला."

"नका बोलावू." हौसाबाई तसूभर हलल्या नाहीत. "चारशे माणसं आजारी पाडून मी घरी जायची नाही. आग्रह हात जोडून करा. जिलेबी मी वाढते."

मग नवरदेवाच्या आईनं पान पुढं सरकवलं.

"हौसाबाई, इकडं दोन वाढा."