तारीख कळवणारा

"मावशी, उद्या निकाल आहे. अकराला या. मागच्यासारखं नवापासून ताटकळत बसू नका."

शालनताईंनी कॅलेंडरवर खूण केली. फोन चोराचा होता.

दोन वर्षांपूर्वी त्यानं त्यांच्या दुकानातून पिको-फॉलची मशीन पळवली. आठवड्यात ती सापडली, पण पुरावा म्हणून पोलीस ठाण्यातच अडकली. ठाण्यात विचारलं की कोर्टाकडे बोट, कोर्टात विचारलं की ठाण्याकडे. तारीख पुढं गेली हे तर कुणी सांगतच नसे. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांना तिसऱ्यांदा हात हलवत परतताना बघून, जामिनावर सुटलेल्या चोरालाच दया आली.

"मावशी, मशीन खटला संपायच्या आधीही मिळते. तुमचा हक्क आहे. मी सांगतो तसा अर्ज लिहा. 'गंज चढतोय' हे घालाच." पंधरा दिवसांत मशीन दुकानात आली आणि तेव्हापासून प्रत्येक तारीख तोच कळवू लागला.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. सहा महिने कैद.

शालनताई उठल्या. "साहेब, मला बोलायचंय."

"बोला, तुमचा अधिकार आहे," जज म्हणाले. "शिक्षा कमी वाटते?"

"छे, शिक्षा बरोबर आहे. चोरली ती चोरलीच. पण तुरुंगात याला फोन करू देतील ना?"

"तुम्हाला काय करायचंय?"

शालनताईंनी सरकारी वकिलांकडे एकदा नीट पाहिलं.

"यानं अपील केलं तर तारीख मला कोण कळवणार?"