आवाज कमी करा

पत्र्याच्या कारखान्यातल्या प्रेसचा दणदणाट, रॉकची गिटार आणि वर माझं रॅप. अल्बम आला आणि ऐकणारे माझ्यावर तुटून पडले. "कानठळ्या बसल्या." "डोकं उठलं." "ही बाई गातेय की भांडतेय?"

मिक्सिंगवाला म्हणाला, "ऐक माझं. तुझा आवाज खाली आणू आणि पुन्हा टाकू."

"आधी आईला ऐकवते."

आईने उभी हयात त्याच प्रेसवर काढली होती आणि कानही तिथेच ठेवून आली होती. मी स्पीकर तिच्या खुर्चीला टेकवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि नेहमीसारखं अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडली, "मशीन आपलंच आहे गं! पण तू का अशी पुटपुटतेस?"

मी मिक्सिंगवाल्याला फोन लावला. "माझा आवाज बदलायचाय. वाढव."