तेल प्यायलेला काळा

सकाळी इंजिन पुन्हा राखाडी झालं होतं.

घनश्यामने ते खिडकीशी नेऊन पाहिलं. वीतभर लांबीचं लाकडी इंजिन काल संध्याकाळी तेल प्यायलेल्या लोखंडासारखं चमकत होतं. आता विझलेल्या कोळशाची कळा आली होती. ते अंगणात भिरकावून द्यावं असं त्याला वाटलं.

"माहं इंजिन असं नव्हतं," श्यामराव म्हणाले.

तुमसर रोडला वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून त्यांची नोकरी झाली होती. मुलीला मागणी घालायला आलेल्या घनश्यामला त्यांनी एकच अट घातली होती: माझं इंजिन हुबेहूब करून दे, कुंता तुझी. आकार त्यांनी पाहताक्षणी पास केला. रंग अडला. रंगवलेलं इंजिन रात्रभर आपल्याच घरी राहू द्या, सकाळी रंग टिकला तर खरा, असं कुंतानेच वडिलांना सुचवलं होतं. बी.एस्सी. झालेल्या घनश्यामला ही कसोटी रास्त वाटली होती.

काजळी, पेन्सिलीच्या शिशाची पूड, चिमूटभर चांदीचा रंग आणि जवसाचं तेल. त्याने प्रमाणं बदलली, तेल उकळून घट्ट केलं. लाकूड तेल पितं म्हणून आधी लाखेचा हात दिला. थंडीतल्या दमटपणाला दोष दिला, मग राईस मिलच्या धुरळ्याला. संध्याकाळी रंग जमायचा, सकाळी गेलेला असायचा. इंजिनाला रॉकेलचा वास येई. पण वीज गेली की कंदील लागे, त्यामुळे तो वास घरात सगळ्यालाच होता.

त्याने आणखी एक संधी मागितली.

"किती डाव देऊ बाबू? रविवारी बपेऱ्याचे लोक कुंताले पाहाले येऊन राहिले."

"त्यायले पुढच्या महिन्यात बोलवा न, बाबा," कुंता आतून म्हणाली. "रंगाले अजून एक डाव द्या."

श्यामराव कुरकुरले, पण कबूल झाले. घनश्यामचा वैताग क्षणात निवला. निदान ती तरी आपल्या बाजूची होती.

कुंता चहा घेऊन आली. कप घेताना त्याचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. नखांच्या कडांना काळा रंग होता. तेलकट, धातूसारखी चमक असलेला, अगदी हवा तसा.